धावपटू पावो नुर्मी

युरोपच्या उत्तरेस फिनलंड नावाचा एक देश आहे. घनदाट अरण्ये, असंख्य सरोवरे आणि वर्षातील कित्येक महिने बर्फाने झाकलेली भूमी असे त्याचे रूप आहे. लोकसंख्येने लहान आणि हवामानाने कठोर असा हा देश विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका गोष्टीमुळे साऱ्या जगात नावारूपास आला. ती गोष्ट म्हणजे त्याचे धावपटू. लांब पल्ल्याच्या शर्यतींत फिनलंडच्या धावपटूंना मागे टाकणारे त्या काळी क्वचितच कोणी आढळे. ह्या सर्वांत श्रेष्ठ ठरला तो पावो नुर्मी. तीन ऑलिंपिक सामन्यांत मिळून त्याने ९ सुवर्णपदके आणि ३ रौप्यपदके मिळविली व धावण्याच्या निरनिराळ्या पल्ल्यांचे २२ जागतिक उच्चांक आपल्या नावे केले.

पावोचा जन्म १३ जून १८९७ रोजी तुर्कू ह्या बंदराच्या शहरी झाला. त्या वेळी फिनलंड हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. पावोचे वडील सुतारकाम करीत. घरची स्थिती बेताची, तरी वडिलांच्या कष्टांवर संसार चालत होता. परंतु १९१० साली वडील वारले आणि सारा भार आईवर पडला. पाच भावंडांत पावो सर्वांत थोरला. पुढच्याच वर्षी धाकट्या बहिणीलाही मृत्यूने ओढून नेले. चार पैसे मिळावेत म्हणून आईने घराचे स्वयंपाकघर दुसऱ्या एका कुटुंबास भाड्याने दिले, आणि नुर्मी कुटुंब उरलेल्या एकाच खोलीत दाटीवाटीने राहू लागले. पावो अभ्यासात चांगला होता. पण अशा स्थितीत त्याला शाळा सोडावी लागली. तो एका बेकरीत सामान पोचविणारा पोऱ्या म्हणून कामास राहिला.

तुर्कू शहरात चढउतार पुष्कळ आहेत. मालाने भरलेली जड हातगाडी ढकलीत पावोला ते चढ रोज चढावे लागत. अंगावर घाम निथळे, पायांना गोळे येत. पण गाडी मध्येच सोडून देण्याची सोय नव्हती. ह्या कामाने त्याच्या पाठीला आणि पायांना विलक्षण बळकटी आली. ज्या वयात इतर मुले शाळेच्या क्रीडांगणावर खेळत होती, त्या वयात त्या चढणींनी त्याला दमश्वास आणि चिकाटी ह्यांचे पहिले धडे दिले. पुढे त्याने जे यश मिळविले, त्याचा पाया ह्या चढणींवरच घातला गेला, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९१२ साली स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे ऑलिंपिक सामने भरले. त्या सामन्यांत फिनलंडच्या हॅनेस कोलेहमायनेन ह्या धावपटूने ३ सुवर्णपदके जिंकली. तो मूळचा गवंडीकाम करणारा, पावोसारखाच कष्टकरी घरातला. परंतु फिनलंड त्या वेळी स्वतंत्र नसल्यामुळे त्याच्या विजयानंतर ध्वजस्तंभावर चढला तो मात्र रशियाचा ध्वज. ही गोष्ट फिनलंडच्या लोकांच्या जिव्हारी लागली. आपल्यातील एका साध्या माणसाने जगाला जिंकले, हा अभिमान आणि आपला ध्वज तेथे फडकला नाही, हे दुःख, अशा दोन्ही भावना त्या वर्षी घरोघरी उचंबळून आल्या.

कोलेहमायनेनने जिंकलेल्या शर्यतींत क्रॉसकंट्री नावाची एक शर्यत होती. क्रीडांगणावरील आखीव वर्तुळात न धावता रानातून, टेकड्यांच्या चढउतारांवरून, चिखलातून आणि ओढ्याओहोळांतून धावत जाण्याची ही शर्यत होय. हिचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. हिच्यात एकट्या धावपटूस पारितोषिक असते, तसेच संघासही असते. त्या काळच्या ऑलिंपिक सामन्यांत प्रत्येक देशाच्या पहिल्या तीन धावपटूंचे क्रमांक घेऊन त्यांची बेरीज करीत. ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी, तो संघ विजयी ठरे. पहिला आलेल्यास एक गुण, दहावा आलेल्यास दहा गुण, असा हा हिशेब होता. म्हणून क्रॉसकंट्रीत एकट्याच्या पराक्रमाने संघ जिंकत नाही. संघाचे भवितव्य त्याच्या मागून येणाऱ्या सोबत्यांवरही अवलंबून असते.

स्टॉकहोम येथे नेमका हाच अनुभव फिनलंडला आला. कोलेहमायनेन पहिला आला. त्याचे दोन सोबती चौथे व सहावे आले. बेरीज झाली ११. स्वीडनचे धावपटू दुसरे, तिसरे व पाचवे आले. त्यांची बेरीज झाली १०. सर्वांत वेगवान धावपटू ज्यांच्याजवळ होता, त्यांचा संघ अवघ्या एका गुणाने मागे पडला! कोणी एका सोबत्याने वाटेत आणखी एकदोघांना मागे टाकले असते, तर निकाल बदलला असता.

ह्या सामन्यांची वार्ता तुर्कूला पोचली, तेव्हा पावो पंधरा वर्षांचा होता. कोलेहमायनेनच्या विजयाने त्याच्या मनाची पकड घेतली. थोड्याच दिवसांत त्याने धावण्यासाठी कॅनव्हासचे बूट विकत घेतले. घरच्या परिस्थितीत ही खरेदी लहान नव्हती. त्या दिवसापासून त्याने धावण्याचा ध्यास घेतला. उन्हाळ्यात तो गावाबाहेरच्या रानवाटांनी धावे आणि हिवाळ्यात बर्फावरून लाकडी पट्ट्यांच्या साहाय्याने घसरत दूरवर जाई. त्याला शिकविण्यास कोणी गुरू नव्हता. दिवसभराचे काम आटोपल्यावर तो एकटाच बाहेर पडे. १९१४ साली तो तुर्कूच्या एका क्रीडामंडळाचा सभासद झाला आणि हळूहळू स्पर्धांत त्याचे नाव ऐकू येऊ लागले.

१९१७ च्या डिसेंबरात फिनलंडने आपले स्वातंत्र्य घोषित केले. १९१९ साली नुर्मी सैन्यात दाखल झाला. सैनिकांच्या लांब पल्ल्याच्या संचलन-स्पर्धांत इतर सैनिक चालत. नुर्मी मात्र खांद्यावर बंदूक आणि पाठीवर वाळूने भरलेली पिशवी घेऊन सारे अंतर धावत जाई. तो इतक्या लवकर मुक्कामी पोचे, की त्याने मधली जवळची वाट धरली असावी, असा काहींना संशय येई. सरावासाठी तो लोखंडी नाल ठोकलेले लष्करी बूट घालून धावे. पुढे हलके बूट घातले, म्हणजे पाय आपोआप उचलले जात. आपले पाऊल लांब पडावे म्हणून तो कधीकधी आगगाडीच्या शेवटच्या डब्यास धरून तिच्यामागून धावे. हा प्रकार कोणीही करून पाहू नये, इतका धोक्याचा आहे. तथापि आपल्यात काय उणे आहे, हे ओळखून ते भरून काढण्याची त्याची धडपड ह्यावरून दिसून येते.

१९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथे ऑलिंपिक सामने झाले. आता फिनलंड स्वतंत्र राष्ट्र म्हणून सामन्यांत उतरला होता. नुर्मीची पहिली शर्यत ५,००० मीटरची होती. तिच्यात त्याने आरंभापासून जोराचा वेग घेतला; परंतु शेवटच्या फेरीत फ्रान्सच्या जोसेफ गिय्यमो ह्या धावपटूने त्याला मागे टाकले आणि नुर्मीला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. तीनच दिवसांनी १०,००० मीटरची शर्यत होती. तिच्यात नुर्मीने आपली शक्ती जपून ठेवली व अखेरच्या वळणावर गिय्यमोला गाठून सुवर्णपदक पटकाविले. त्यानंतरच्या क्रॉसकंट्री शर्यतीत तो पहिला आला. त्याचा सोबती हेइक्की लीमाटायनेन तिसरा व तेओडोर कोस्केनिएमी सहावा आला. तिघांच्या क्रमांकांची बेरीज १० झाली आणि आठ वर्षांपूर्वी एका गुणाने हुकलेले सांघिक सुवर्णपदक फिनलंडच्या हाती आले. ह्या वेळी ध्वजस्तंभावर चढला तो फिनलंडचाच ध्वज होता.

ह्या अँटवर्पच्या सामन्यांशी आपल्या महाराष्ट्राचाही संबंध आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारे तरुण पाहून सर दोराबजी टाटा ह्यांना भारताचे खेळाडू ऑलिंपिक सामन्यांस पाठवावेत असे वाटले आणि त्यांच्या प्रयत्नाने १९२० साली भारताचा छोटासा संघ अँटवर्पला गेला. त्या संघातील बेळगावकडचे फडेप्पा चौगुले हे मॅरेथॉन शर्यतीत १९ वे आले. ती मॅरेथॉन जिंकणारा वीर म्हणजे नुर्मीचे स्फूर्तिस्थान असलेला हॅनेस कोलेहमायनेन हाच होता.

अँटवर्पच्या विजयानंतर तुर्कूच्या त्या लहानशा घरात विजेचे दिवे लागले आणि पाण्याचा नळ आला. नुर्मीला हेलसिंकीच्या तंत्रशाळेत शिकण्यासाठी शिष्यवृत्तीही मिळाली. बेकरीच्या गाडीपायी सुटलेले शिक्षण धावण्याने पुन्हा मिळवून दिले. परंतु नुर्मी ह्या यशाने हुरळून गेला नाही. ५,००० मीटरच्या शर्यतीतील पराभव त्याच्या मनात सलत होता. आपण का हरलो, ह्याचा त्याने शांतपणे विचार केला. आपण प्रतिस्पर्ध्याकडे पाहून धावलो, आपल्या शक्तीकडे पाहून धावलो नाही, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने आपल्या सरावात वेगाच्या लहान धावांची भर घातली आणि एक नवीन सोबती जवळ केला. तो सोबती म्हणजे सेकंद मोजणारे घड्याळ.

तेव्हापासून नुर्मी हातात घड्याळ घेऊन धावू लागला. प्रत्येक फेरी किती सेकंदांत पुरी व्हावयास हवी, हे तो आधीच ठरवी आणि त्याप्रमाणे ती पुरी करी. आरंभी जोराने पळून पुढे धापा टाकण्यापेक्षा पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत एकसारखा वेग राखणे हेच शहाणपणाचे आहे, असे त्याचे मत बनले होते. शेजारचा धावपटू पुढे गेला, तर तो विचलित होत नसे; मागे पडला, तर तो आनंदून जात नसे. त्याचा हिशेब घड्याळाशी चाले. काही शर्यतींत अखेरची फेरी आली, की तो ते घड्याळ बाजूच्या हिरवळीवर टाकून देई आणि उरलेली सारी शक्ती पणास लावी. १९२३ साली त्याने एक मैलाचे अंतर ४ मिनिटे १०.४ सेकंदांत तोडून नवा जागतिक उच्चांक स्थापन केला.

१९२४ च्या ऑलिंपिक सामन्यांचे ठिकाण पॅरिस हे होते. तेथे १,५०० मीटर व ५,००० मीटर ह्या दोन्ही शर्यतींच्या अंतिम फेऱ्या एकाच दिवशी, एकामागून एक ठेवल्या होत्या. दोहोंत जेमतेम तासाभराचे अंतर होते. दोन्ही शर्यती एकाच माणसाने जिंकणे अशक्यप्राय आहे, असे बहुतेकांस वाटे. नुर्मीने तर्कवितर्क केला नाही. सामन्यांपूर्वी तीन आठवडे हेलसिंकीच्या मैदानावर तो ह्या दोन्ही शर्यती तशाच थोड्या अवकाशाने धावून पाहिल्या, आणि दोहोंतही त्याने जागतिक उच्चांक मोडले! मग १० जुलै १९२४ रोजी पॅरिस येथे त्याने प्रथम १,५०० मीटरची शर्यत जिंकली आणि थोडी विश्रांती घेऊन ५,००० मीटरची शर्यतही जिंकली. ह्या दुसऱ्या शर्यतीत त्याला अखेरपर्यंत झुंज दिली ती त्याचाच देशबांधव विले रितोला ह्याने. दोघांमध्ये केवळ दोन दशांश सेकंदांचे अंतर राहिले.

ह्यानंतर दोनच दिवसांनी, १२ जुलैस, क्रॉसकंट्रीची शर्यत झाली. नुर्मीच्या जीवनातील हा प्रसंग सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या दिवशी पॅरिसमध्ये भयंकर उकाडा होता. पारा चाळीस अंशांपलीकडे गेला होता, असे त्या वेळचे वृत्तान्त सांगतात. विदर्भातील वैशाखाचे ऊन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या उष्म्याची कल्पना येईल. परंतु थंड देशांतून आलेल्या त्या धावपटूंना असल्या उन्हाची सवय नव्हती. वाट सुमारे साडेदहा किलोमीटरची. तिच्यावर गुडघाभर वाढलेले गवत, दगडधोंडे आणि धूळ. एकंदर ३८ धावपटूंनी शर्यतीस आरंभ केला. थोड्याच वेळात उन्हाने आपला प्रताप दाखविला. एकामागून एक धावपटू गळू लागले. कोणी चक्कर येऊन पडला, कोणी भ्रमिष्टासारखा भलत्याच दिशेने चालू लागला, कित्येकांना डोलीतून उचलून न्यावे लागले. क्रीडांगणावर वाट पाहत बसलेल्या प्रेक्षकांना हे काहीच ठाऊक नव्हते.

अशा वेळी क्रीडांगणाच्या दारातून नुर्मी आत आला. त्याच्या पावलांचा ठेका नेहमीसारखाच होता. त्याने शांतपणे अंतिम रेषा ओलांडली. जणू काही विशेष घडलेच नाही, असा त्याचा चेहरा होता. त्याच्यानंतर सुमारे दीड मिनिटाने रितोला आला. पहिले दोन्ही क्रमांक फिनलंडचे! पण संघाचे पदक अजून मिळालेले नव्हते. नियमाप्रमाणे तिसऱ्या धावपटूचीही आवश्यकता होती. फिनलंडचे उरलेले धावपटू त्या उन्हात कोठे होते? तिसरा पोचला नाही, तर पहिल्या दोघांच्या पराक्रमाचा संघाच्या दृष्टीने काहीच उपयोग नव्हता.

काही वेळाने हेइक्की लीमाटायनेन दिसू लागला. चार वर्षांपूर्वी अँटवर्प येथे तिसरा आलेला तो हाच. आज मात्र त्याची स्थिती पाहवत नव्हती. पाय लटपटत होते आणि नजर शून्यात लागली होती. अंतिम रेषा थोड्याच अंतरावर उरली असता तो एकाएकी थांबला आणि मागे वळला. शर्यत संपली, असाच त्याचा भ्रम झाला असावा. सारे प्रेक्षक श्वास रोखून पाहू लागले. त्याला हात लावणे नियमात बसणारे नव्हते; जे करावयाचे ते त्यानेच करणे भाग होते. काही क्षण असेच गेले. मग त्याचे भान थोडेसे परतले. तो पुन्हा वळला आणि एक एक पाऊल टाकीत, चालत चालत अंतिम रेषेच्या पलीकडे गेला. त्याचा क्रमांक होता बारावा. ३८ जणांपैकी शर्यत पुरी करणारे होते केवळ १५.

आता हिशेब झाला. तीन धावपटू पोचले असे संघ तीनच उरले होते: फिनलंड, अमेरिका आणि फ्रान्स. ज्या देशांचे तीन गडी पोचले नव्हते, त्यांच्या धावपटूंची नावे वगळून क्रमांक नव्याने लावण्यात आले. त्यात लीमाटायनेन आठवा ठरला. फिनलंडची बेरीज ११ झाली, अमेरिकेची १४ आणि फ्रान्सची २०. फिनलंडने सुवर्णपदक जिंकले. नुर्मीच्या नावापुढे जी ९ सुवर्णपदके लिहिली जातात, त्यांतील एक असे लीमाटायनेनच्या त्या अडखळत्या पावलांनी मिळवून दिलेले आहे. जगातील सर्वश्रेष्ठ धावपटूलाही ते एकट्याच्या बळावर मिळविता आले नसते.

दुसऱ्याच दिवशी, इतर शर्यतवीर अंथरुणावर पडून असता, नुर्मी ३,००० मीटरच्या सांघिक शर्यतीत धावला आणि पहिला आला. अशा रीतीने पॅरिस येथे त्याने ५ सुवर्णपदके मिळविली. क्रॉसकंट्रीची शर्यत मात्र त्या दिवशीच्या हालांमुळे ऑलिंपिक सामन्यांतून पुढे वगळण्यात आली. फिनलंडच्या सरकारने वाइनो आल्टोनेन ह्या नामांकित शिल्पकाराकडून नुर्मीचा धावता पुतळा करवून घेतला. त्याची एक प्रतिकृती आज हेलसिंकीच्या ऑलिंपिक क्रीडांगणासमोर उभी आहे. १९२५ साली नुर्मी अमेरिकेस गेला. तेथे पाच महिन्यांत तो पन्नासाहून अधिक शर्यती धावला आणि मोजक्या काही सोडल्या, तर त्या सर्व त्याने जिंकल्या.

१९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम येथील ऑलिंपिक सामन्यांत नुर्मीने १०,००० मीटरची शर्यत जिंकली आणि आणखी दोन शर्यतींत रौप्यपदके मिळविली. ह्या सामन्यांतील एक प्रसंग पदकांहूनही मोलाचा आहे. अडथळ्यांच्या शर्यतीच्या प्राथमिक फेरीत उडी चुकून नुर्मी पाण्याच्या खळग्यात पडला. मागून येणारा फ्रान्सचा ल्युसिआँ द्युकेन हा धावपटू सरळ पुढे जाऊ शकला असता. पण तो थांबला आणि त्याने नुर्मीला हात देऊन उठविले. नुर्मी बोलका नव्हता. त्याने उपकाराची फेड आपल्या पायांनी केली. तो द्युकेनच्या पुढे राहून त्याला वेग देत गेला व दोघांनी मिळून इतरांना मागे टाकले. शेवटी नुर्मीने पहिला क्रमांक द्युकेनला देऊ केला. त्या उमद्या फ्रेंच खेळाडूने तो नम्रपणे नाकारला.

नुर्मीच्या आयुष्यात निराशेचे प्रसंगही आले. १९३२ च्या लॉस एंजेलिस येथील सामन्यांत मॅरेथॉन शर्यत जिंकून कोलेहमायनेनप्रमाणे आपल्या कारकिर्दीची सांगता करावी, अशी त्याची फार इच्छा होती. परंतु त्या काळी धावण्याबद्दल पैसे घेणाऱ्यास ऑलिंपिक सामन्यांत भाग घेता येत नसे. नुर्मीने प्रवासखर्चापोटी नियमापेक्षा अधिक रक्कम स्वीकारली, असा ठपका ठेवून आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याच्यावर बंदी घातली. तो लॉस एंजेलिसपर्यंत गेला, तेथे सराव करीत राहिला. पण त्याला धावू देण्यात आले नाही. मॅरेथॉनमध्ये उतरणाऱ्या बहुतेक धावपटूंनी त्याला परवानगी द्यावी म्हणून विनंती केली होती, हे विशेष. आपला सर्वांत प्रबळ प्रतिस्पर्धी मैदानात असावा, असे ज्यांना वाटते, ते खरे खेळाडू होत. नुर्मी आणखी दोन वर्षे आपल्या देशात धावत राहिला आणि १९३४ साली त्याने शर्यतींचा निरोप घेतला. चौदा वर्षांच्या कारकिर्दीत क्रॉसकंट्री आणि १०,००० मीटर ह्या दोन शर्यतींत तो कधीही हरला नाही.

पुढे त्याने आपल्या देशाच्या तरुण धावपटूंना तयार करण्याचे काम अंगावर घेतले. जो आयुष्यभर एकटा धावला, तो आता इतरांच्या धावण्याकडे लक्ष देऊ लागला. मोठमोठ्या शब्दांनी स्फूर्ती देणे हा त्याचा स्वभाव नव्हता. नियमित सराव, एकसारखा वेग आणि स्वतःच्या शक्तीचे नेमके ज्ञान, ह्या तीन गोष्टी त्याने स्वतःच्या उदाहरणाने सिद्ध केल्या होत्या. १९३६ च्या बर्लिन येथील सामन्यांत फिनलंडच्या धावपटूंनी १०,००० मीटरच्या शर्यतीतील पहिले तिन्ही क्रमांक पटकाविले. ५,००० मीटर आणि अडथळ्यांची शर्यत ह्यांतही पहिले दोन क्रमांक त्यांचेच आले. एकूण ३ सुवर्ण, ३ रौप्य आणि १ कांस्य अशी ती पदके होती.

१९५२ साली ऑलिंपिक सामन्यांचा मान हेलसिंकीला मिळाला. १९ जुलै रोजी पाऊस पडत होता. मशाल घेऊन शेवटचा धावपटू क्रीडांगणात शिरला. त्याचे नाव आधी जाहीर केलेले नव्हते. पण त्याची धाव पाहताच हजारो लोकांनी त्याला ओळखले. तो पंचावन्न वर्षांचा नुर्मी होता. त्याने क्रीडांगणातील ज्योत पेटविली आणि मशाल पुढे पाठविली. उंच मनोऱ्यावरची ज्योत पेटविली ती वृद्ध कोलेहमायनेनने. ज्याच्या विजयाची वार्ता ऐकून एका गरीब मुलाने बूट विकत घेतले होते, तो आणि तो मुलगा, असे दोघे चाळीस वर्षांनी एकाच ज्योतीपाशी आले. ह्याच हेलसिंकीच्या सामन्यांत सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव ह्यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने मिळविलेले ते पहिले वैयक्तिक पदक होय.

नुर्मीने पुढे बांधकामाच्या व्यवसायात पुष्कळ पैसा मिळविला. वयोमानाप्रमाणे प्रकृती ढासळल्यावर, १९६८ साली, त्याने हृदयविकारांच्या संशोधनास साहाय्य करण्यासाठी एक निधी स्थापन केला. २ ऑक्टोबर १९७३ रोजी हेलसिंकी येथे त्याचा मृत्यू झाला. फिनलंडच्या सरकारने शासकीय इतमामाने त्याला निरोप दिला आणि तुर्कूच्या भूमीत, जेथे त्याने हातगाडी ढकलली होती त्या गावी, त्याला चिरविश्रांती मिळाली.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकजण शाळेच्या संघातून धावत असतील. स्पर्धेचे दिवस जवळ आले, म्हणजे सर्वांच्या नजरा संघातील सर्वांत वेगवान मुलाकडे अथवा मुलीकडे लागतात. त्याचे कौतुक व्हावे हे योग्यच आहे. परंतु संघाचा निकाल बहुधा त्याच्या मागून धावणाऱ्यांच्या पावलांवर ठरतो, हे विसरू नका. स्टॉकहोमला एका गुणाने हुकलेले पदक आणि पॅरिसला लीमाटायनेनने ओलांडलेली ती रेषा ह्या दोन्ही गोष्टी हेच सांगतात. आपण पहिले येणार नाही, मग आपल्या सरावाचा काय उपयोग, असे संघातील कोणाही मुलाने मनात आणू नये. त्याने वाटेत मागे टाकलेला एकेक धावपटू म्हणजे संघाने मिळविलेला एकेक गुण होय.

आणि जो सर्वांत वेगवान आहे, त्याने नुर्मीचे घड्याळ आठवावे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी अंगी उत्साह संचारणे सोपे आहे. पण पावसाळ्यातील चिखलाच्या सकाळी, कोणी पाहत नसता, ठरलेले अंतर ठरलेल्या वेळात धावणे कठीण आहे. तुर्कूच्या चढणीवर गाडी ढकलणाऱ्या मुलाकडे पाहण्यास कोणीही थांबले नव्हते. त्याचे खरे सामर्थ्य तेथेच तयार झाले. स्वतःची शर्यत संपली, म्हणजे लगेच पाठ फिरवून जाऊ नका. रेषेपाशी उभे राहा आणि आपला तिसरा, चौथा, पाचवा सोबती येईपर्यंत वाट पाहा. कारण तो येईपर्यंत तुमची शर्यत संपलेली नसते.